मधल्या टोलीचं स्थळ

आमच्या अख्ख्या मतदारसंघात पटवायला महाकठीण असं एकच स्थळ होतं, आणि ते मी कोणालाही न विचारता वाटीभर सुपारीत उजवून टाकलं. आयुष्यात मी चुका पुष्कळ केल्या. भात करपवले, गाडी चुकवली, एकदा तर दुसऱ्याच्याच वरातीत जेवून आले. पण एवढी ठसठशीत चूक पुन्हा जमली नाही. स्थळ म्हणजे कोणी उपवर मुलगी नव्हती की मुलगा नव्हता. सत्तरीला टेकलेला, निम्मे दात पंगतीतून उठून गेलेला एक विधुर होता. पण निवडणूक आली की दोन्ही पक्षांची माणसं त्याच्या दारी वधूपित्यासारखी टोप्या सावरत येऊन बसायची. हा गृहस्थ हो म्हणत नसे, नाही म्हणत नसे, आणि त्याचं काय होतं ते कळल्याशिवाय मधल्या टोलीचं काय होणार हे कोणाला कळत नसे. आणि मधल्या टोलीचं कळल्याशिवाय, लोक म्हणत, देवालाही निकाल सांगता यायचा नाही.

आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. माझे स्वतःचे मामाजी घरात होते, ते भाताच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, आणि बैलांच्या खुरांत बुडालेले. हे त्यांचे चुलतभाऊ. गल्लीच्या पलीकडे राहायचे म्हणून पल्याडचे मामाजी. सौंदड स्टेशनावर छोटी गाडी सोडली की तासभर बांधांवरून चालत आमचं गाव. गावाच्या वस्त्यांना टोल्या म्हणतात: वरची टोली, खालची टोली आणि दोघींच्या मध्ये चेंगरून बसलेली आमची मधली टोली. मी भंडाऱ्याहून लग्न होऊन इथे आले तेव्हा सोळा वर्षांची होते आणि सातवी पास होते. या दोन्ही गोष्टींचा मला सारखाच ताठा होता. आमचे 'हे' गोंदियाला एका धानगिरणीत कारकून. ते शनिवारच्या गाडीनं यायचे आणि सोमवारच्या गाडीनं जायचे. मधले दिवस सासरे शेतात, आणि मी, सासूबाई आणि माझं ज्ञान असे तिघं घरात असायचो. सासूबाईंनी मला जी कामं लावून दिली त्यातलं एक म्हणजे संध्याकाळचं ताट गल्लीपार पोचवणं. सकाळचा भात हे पल्याडचे मामाजी स्वतः शिजवत. संध्याकाळी मात्र त्यांना शिजवणं नको वाटे.

या माणसाला कुठलीही गोष्ट एका झटक्यात संपलेली खपायची नाही. "जेवलात का?" म्हटलं तर "पाहू". "पाऊस येईल का?" म्हटलं तर "पाहू". एकदा पोटात दुखायला लागलं म्हणून वैद्याला बोलावलं. तो म्हणाला, कुठे दुखतं? तर म्हणाले, "तुमी पुसलं तवा इकडं होतं जी. जराक बसा, कुठं जाते थे पाहू." वैद्य दुपारपर्यंत बसला, दोनदा चहा प्याला, आणि पोट आपोआप थांबलं. न्हाव्याची तर कथाच वेगळी. तो दाढीला आला की मामाजी एक गाल करून घेत आणि दुसऱ्या गालावर हात ठेवून म्हणत, "हा उद्या." न्हावी कुरकुर करी, पण दुसऱ्या दिवशी येई. मग दुसरा गाल होईपर्यंत पहिल्यावर खुंट उगवलेले असत. त्यामुळे त्यांचा चेहरा पाहून कोणता गाल आजचा हे सांगता यायचं. नवीन सून म्हणून मी पदराआडून हे सगळं पाहायची आणि मनात म्हणायची, बाई गं, कसल्या मागासलेल्या गावात येऊन पडलो आपण! अर्ध्या गालाचा आणि रिकाम्या घराचा काही संबंध असेल हे मला सातवीपर्यंत कोणी शिकवलं नव्हतं.

घर रिकामंच होतं. मामीजी माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी गेलेल्या. एकुलती लेक रायपूरकडे दिलेली. आधी ती दरवर्षी यायची, मग वर्षाआड, मग तिचा नुसता निरोप यायचा, की यंदा काही जमत नाही. गंमत अशी, की पंचक्रोशीतल्या सगळ्यांच्या लेकी बैलगाडीच्या टप्प्यात देणारे हेच. लग्नाची बोलणी हा मामाजींचा खरा धंदा, आणि त्यात पैसा मिळत नसे म्हणून त्याला आम्ही मान म्हणू. मधल्या टोलीत असं एक घर नव्हतं, ज्याच्या लग्नाची सुपारी त्यांच्या देखत फुटली नव्हती. सुपारी फुटली म्हणजे सोयरीक पक्की, हे सगळीकडेच असतं. पण मामाजींच्या हाताखाली ती सहजासहजी फुटत नसे. ते दोन्हीकडच्यांना बसवत, पाणी देत, तंबाखू देत, चुना देत, गुळाचा चहा देत. एकदा मुलाचा चुलता घाईला येऊन म्हणाला, "फोडा ना जी सुपारी, गाडी निघून जाईन!" तर हे म्हणाले, "गाडी त रोजच जाते. सुपारी फुटली का तुमीबी जासान." लोक हसले. तो चुलता त्या रात्री मुक्कामाला राहिला, आणि दुसऱ्या दिवशीही.

अशा माणसाच्या हयातीत या देशात निवडणूक आली. मला वाटतं, दिल्लीत बसून ज्यांनी ती ठरवली त्यांना स्वप्नातही आलं नसेल, की आपण हे सगळं मधल्या टोलीतल्या एका म्हाताऱ्याच्या करमणुकीसाठी करतो आहोत. पहिल्या निवडणुकीला मी अगदी नवी नवरी. आमच्या भागात खरे उमेदवार दोनच. एकाची निशाणी छत्री, दुसऱ्याची शिडी. वरची टोली छत्रीची, खालची शिडीची, तेही इतकी पक्की की दोन्ही टोल्यांच्या बायकांनी विहिरीचे काठसुद्धा वाटून घेतले होते. राहिली मधली. तिथली माणसं विचारलं की म्हणत, "मामाजी का म्हनतेत थे पाहू." ज्या माणसानं तुमच्या लेकीची सुपारी फोडली त्याच्या शब्दाबाहेर मत टाकायचं कसं? आणि मामाजींनी तर मतालाही सोयरिकीचाच कायदा लावला. पाणी, तंबाखू, चुना, चहा सगळं. सुपारी नाही.

महिनाभर त्यांच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, नुसती जत्रा. छत्रीवाले यायचे ते थंडीच्या दिवसांत, आभाळ निळंशार असताना, छत्र्या उघडून. मामाजी त्यांना मुद्दाम उन्हाच्या तोंडी बसवत आणि म्हणत, "तुमची निशानी कामाची हाय जी." शिडीवाले खरीखुरी बांबूची शिडी खांद्यावर घेऊन फिरायचे. माकडांनी मामाजींच्या छपरावरची कवेलं फोडून ठेवली होती. त्यांनी शिडीकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, नुसतं "हं" म्हटलं, आणि शिडीच्या चार कार्यकर्त्यांनी दिवसभर खपून सगळं छप्पर फेरून दिलं. दुसऱ्या दिवशी हे ऐकून छत्रीवाल्यांनी अंगण शेणानं सारवून देण्याची तयारी दाखवली. पुढाऱ्यांना ते रस्त्याचं विचारत नसत, तळ्याच्या पाण्याचंही नाही. विचारायचे, "तुमी कोनाचे? आईकडून कुठले?" आणि एक चिलीम संपायच्या आत समोरचा माणूस त्यांच्या साल्याच्या व्याह्याचा साडभाऊ निघायचा. गोंदियाचे एक शेटजी शिडीतर्फे आले होते, हिंदीशिवाय बोलत नसत. "दादाजी, हमारा भी खयाल रखना." मामाजींनी त्यांचंही मूळ खणून काढलं आणि पुढच्या खेपेला विचारलं, "मायचा गुडघा कसा हाय, शेटजी? तेल लावून रायले ना?" शेटजी भाषण विसरले. खाली मान घालून म्हणाले, "अब ठीक है, दादाजी." आणि नंतर बराच वेळ आईबद्दलच बोलत बसले.

सुपारी शेवटपर्यंत फुटली नाही. मतदान झालं, छत्री अगदी नखभर मतांनी आली. छत्रीवाले हार घेऊन आले, की बाबाजी, तुमच्यामुळे. शिडीवाल्यांनीही एकांतात येऊन सांगितलं, की बाबाजी, तुम्ही आमच्याकडून होतात हे आम्हाला ठाऊक आहे. मामाजींनी दोघांनाही तंबाखू दिला.

मग सगळं थांबलं. ढोल गेले, छत्र्या मिटल्या, शिडी कोणाच्या तरी गोठ्यात जाऊन पडली. दोन निवडणुकांच्या मध्ये केवढा काळ असतो हे पुढाऱ्यांना कळत नाही, ते त्यात मंत्री वगैरे होऊन जातात. मामाजी त्या काळात नुसते होते. लग्नाची बोलणीही कमी झाली. पोरं शिकायला लागली, परस्पर ठरवायला लागली, नाहीतर गोंदियाला बिड्यांच्या कारखान्यात जाऊन तिकडेच संसार मांडायला लागली. सकाळी मामाजी सपरीत खाट टाकत, बाजूला पाहुण्यांसाठी गोणपाटाचा बोरा अंथरत, मडकं भरून ठेवत. संध्याकाळी बोरा झटकून आत नेत. त्यावर कोणी बसलेलं नसे, तरी झटकत. कधी कधी चालत सौंदडला जायचे आणि गाडीतून कोण उतरतं ते पाहून परत यायचे. सासूबाई विचारायच्या, "कोनी आलं का जी?" ते म्हणायचे, "मस्त गाडीभर लोक उतरले. आपल्याकडलं कोनी नोहोतं." हे ते असं सांगत, जसं कोणी आजचा बाजारभाव सांगावा. मी आतून ऐकायची आणि मला वाटायचं, म्हातारा रिकामटेकडा आहे. मीही शनिवारची वाट बघत दारात उभी असायची, पण ते वेगळं, ते प्रेम होतं!

दुसरी निवडणूक आली तोवर आमचं राज्यच बदललं होतं. पहिल्या वेळी गावानं मत टाकलं ते नागपूरच्या राज्याला, आता टाकायचं होतं मुंबईच्या. मामाजी म्हणाले, "राजधानी दूर दूर पळून जाऊन रायली बाप्पा. पुढच्या डावाले समुद्रात जाईन." पण चेहरा असा उजळला होता, की दोन्ही गाल एकाच दिवशी करून घेतले. खाटेची दोरी कसून घेतली, बोरा नवा आणला. पुन्हा छत्री, पुन्हा शिडी, पुन्हा तीच माणसं. फक्त शेटजींच्या आई आता नव्हत्या, आणि ते सांगताना शेटजी मामाजींच्या खाटेवर बसले, बोऱ्यावर नाही. गावात वारं फिरल्याची कुजबुज होती. धानाच्या भावावरून वरच्या टोलीतली काही घरं छत्रीवर रुसली होती, तळ्याच्या पाण्यावरून खालच्या टोलीतले काही शिडीवर. सगळी तागडी मधल्या टोलीत येऊन अडकली होती, आणि मामाजी तिच्या काट्यावर बसून तंबाखू मळत होते.

मी आता जुनी सून झाले होते, म्हणजे जास्तच शहाणी. नवऱ्यानं गोंदियाहून आणलेलं वर्तमानपत्र वाचायची, मग विहिरीवर बायकांना लोकशाही समजावून सांगायची. बायका घागर भरेपर्यंत ऐकायच्या. आणि मला एका गोष्टीची भयंकर लाज वाटायची, की पल्याडच्या मामाजींच्या घरी एवढे मोठे लोक येतात, आणि पानदानात सुपारी नाही! केवढा कंजूसपणा! भंडाऱ्याला आमच्या घरी भिकाऱ्यालासुद्धा बडीशेप मिळायची. सोयरिकीची सुपारी मला माहीत नव्हती असं नाही. पण मत म्हणजे काय सोयरीक आहे? हे आधुनिक युग, तो मागासलेला काळ, दोन्हींचा संबंध मला माझ्या सातवी पास डोक्यात जोडावासा वाटला नाही.

मतदानाला आठ-दहा दिवस होते. मामाजींचा तंबाखू संपला. तो त्यांना गोरेगावच्या बाजारचाच लागायचा, म्हणून ते सकाळच्या छोट्या गाडीनं निघाले. निघताना आमच्या दारात येऊन सासूबाईंना म्हणाले, "सूनबाईले सांगजा, कोनी आलं त बसवून ठेवजो म्हना. संध्याकाळी मी येतोच." सासूबाई बांधीवर गेल्या. आणि दुपारी शिडीवाले आले. शेटजी, त्यांच्याबरोबर खुद्द उमेदवार, आणि मागे डफडंवाले दोघं. मी गल्ली ओलांडून गेले, पदर सारखा केला, पाणी दिलं. ते म्हणाले, बाबाजी नाहीत तर जातो. मी म्हटलं, थांबा. बसवून ठेवायचं म्हणजे काहीतरी द्यायला नको का? धावत घरी आले, माहेरून आणलेली चिकणी सुपारी काढली, अडकित्त्यानं अशी बारीक कातरली, की आईनं पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती. चार लवंगा ठेवल्या. चांदीचं नाही पण घासून चांदीसारखं केलेलं तबक दाराआडून पुढे सरकवला.

 उमेदवारानं शेटजींकडे पाहिलं. शेटजींनी तबकाकडे पाहिलं, मग दाराकडे. हळूच विचारलं, "बहूजी, ये... दादाजी के घर से है?" मी पदराआडून ठणकावून सांगितलं, "हो तर! घरचीच आहे. घ्या!" त्यांनी घेतली. सगळ्यांनी घेतली. डफडंवाल्यांनी दोनदा घेतली. मग शेटजी उठले, त्या रिकाम्या खाटेला हात जोडून नमस्कार केला, आणि बाहेर पडताच डफडं जे वाजायला लागलं ते खालच्या टोलीपर्यंत वाजत गेलं. मला वाटलं, माझ्या पाहुणचाराचं कौतुक चाललंय.

मामाजी दिवे लागायच्या वेळी आले. हातात तंबाखूची पुडी, आणि पाहुण्यांसाठी चिवड्याचा पुडा. सपरीत तबक तसंच होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"कोन आलते वो?"

"शिडीवाले," मी म्हटलं. "खुद्द उमेदवार होते!"

"बसले का मंग जराक?"

"नाही. लगेच गेले."

"हं," म्हणाले. तबकात सुपारीचा एक कपटा उरला होता. तो त्यांनी उचलला, तोंडात टाकला, आणि नसलेल्या दातांनी चघळत आत निघून गेले.

सासूबाईंना कळलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. "अवो बाई, सातवी शिकली, पन सुपारी का असते थे नाई शिकवलं का तुह्या मास्तरनं? थ्या मानसाचे आठ-दहा रोज होते. पाच वरसाचं बोलनं थ्यात बोलून घेतलं असतं त्यानं. तू एका दुपारी वाटून टाकले!"

मला अजूनही पुरतं पटलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी पटलं. कोणीच आलं नाही. शिडीवाल्यांना यायचं कारण उरलं नव्हतं, पक्क्या झालेल्या सोयऱ्याकडे रोज कोण जातं? ते अजून न पटलेल्या गावांच्या मागे लागले. छत्रीवाले रागानं आले नाहीत. वरच्या टोलीचा त्यांचा मुख्य माणूस गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून गेला, घंटी वाजवली, मान वळवली नाही. मामाजींनी खाट टाकली होती, बोरा अंथरला होता, मडकं भरलं होतं. चिवडा वाटीत काढून ठेवला होता, त्यावर झाकण. घंटीचा आवाज आला तेव्हा ते अर्धे उठले, आणि सायकल गेल्यावर धोतर झटकायचं होतं असं दाखवून पुन्हा बसले. ते मी दारातून पाहिलं. पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

मग मी चूक निस्तरायला निघाले, आणि माझी निस्तरण्याची पद्धत अशी, की गाठ सुटण्याऐवजी दोरच कापला जावा. विहिरीवर वरच्या टोलीच्या काठाला गेले आणि छत्रीवाल्याच्या बायकोला सांगितलं, ती सुपारी मामाजींची नव्हतीच, माझी होती! ती घागर डोक्यावर चढवत म्हणाली, "सुनेनं देली म्हंजे घरानंच देली. आमी का आता सासऱ्याले पुसत बसू?" मग मला सुचलं, की छत्रीवाल्यांनाही सुपारी पाठवावी, म्हणजे हिशेब बरोबर. तबक भरून घेऊन मी स्वतः गेले. तिच्या सासूनं तबक पाहिलं आणि पोट धरधरून हसली. "आगं बाई, एका नवरदेवाचे दोन मांडव!" संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात ते झालं. लोकशाही समजावून सांगणारी शिकलेली सून दोन्ही पक्षांना सुपारी वाटत फिरते, ही बातमी आमच्या 'ह्यां'ना गोंदियाला गिरणीत कळली. शनिवारी आले ते हसतच आले. मी रात्रभर त्यांच्याशी बोलले नाही, आणि मग सोमवारी गाडी गेल्यावर लक्षात आलं, की आता पुढच्या शनिवारपर्यंत बोलायला कोणी नाही.

मतदानाच्या दिवशी आम्ही बायका बैलगाडीतून सौंदडच्या शाळेत गेलो, मामाजी चालत. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, तिच्यावर निशाणी चिकटवलेली, आणि पेट्या पडद्याआड. चिठ्ठी घेऊन आत जायचं, आपल्या निशाणीच्या पेटीत टाकायची. मामाजी आत गेले आणि बाहेर येईचनात. रांग खोळंबली. दोन्ही पक्षांची माणसं माना उंच करकरून पडद्याखालून त्यांचे पाय पाहायला लागली. पाय एका पेटीकडे गेले, मग दुसरीकडे, मग पुन्हा मधोमध. मतदान घेणारे साहेब कंटाळून म्हणाले, "बाबाजी, झालं का?"

आतून आवाज आला, "पाहू जी."

सगळी शाळा हसली. छत्रीवाला, जो आठवडाभर बोलला नव्हता, तोही हसला. मामाजी बाहेर आले, आणि चेहऱ्यावरून काही कळू दिलं नाही. मग माझी पाळी. आत गेले आणि माझी फजिती झाली. कोणाला मत द्यावं यावर गावभर भाषणं दिलेली मी, छत्री आणि शिडीच्या मध्ये चिठ्ठी धरून तशीच उभी राहिले. तिथे सासूबाई नव्हत्या, 'हे' नव्हते, विहीर नव्हती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच कोणी माझी वाट बघत होतं, की ही काय ठरवते. मला बाहेर यावंसंच वाटेना.

निकालात शिडी आली, पुन्हा नखभर मतांनीच. पुढे शहाण्या लोकांनी धानाचा भाव, तळ्याचं पाणी, राज्याची मोडतोड अशी कारणं काढली असतील, ती खरीही असतील. गावात मात्र एकच कारण चालत होतं, की सुपारी फुटली. मिरवणूक निघणार म्हणून मामाजींनी सकाळपासून अंगण झाडून घेतलं, पाण्याची आणखी एक घागर मागवली. दुपारी डफडं ऐकू यायला लागलं. ते खालच्या टोलीतून निघालं, मोठं होत होत आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं. मामाजी उभे राहिले. मिरवणूक वरच्या टोलीकडे वळली. हरलेल्यांच्या दारात नाचण्यात जी मजा असते, ती जिंकून देणाऱ्यांच्या दारात कुठली? डफडं लहान लहान होत गेलं, आणि मामाजी ते पूर्ण थांबेपर्यंत उभेच होते.

त्या संध्याकाळी ताट घेऊन गेले तेव्हा ते अंधारातच बसले होते. दिवा मीच लावला. सासऱ्यासमोर सून बसत नाही, दोन शब्दांपलीकडे बोलत नाही. ताट ठेवायचं, लोटा ठेवायचा, निघायचं. मी ठेवलं, पण निघवेना. उभ्या उभ्याच, पदराच्या आतून, एकदाचं सांगून टाकलं, की मामाजी, माझ्या हातून चुकलं. मला वाटलं पाहुणचार होईल, आणि मी तुमची माणसंच घालवली.

त्यांनी ताट पुढे ओढलं नाही. कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेला बोरा उलगडला, हातानं साफ केला, माझ्यापुढे सरकवला, आणि म्हणाले,

"कोनाले टाकलं वो तू मत? थांब, थांब, आत्ताच सांगू नोको. पह्यले खाली बस. छत्री का शिडी थे उद्या सांगजो. अन् उद्याई नाई सांगशीन, त मी काई रागावत नाई."